मधला तुकडा

वहिनी, तुमच्या डोक्याखालचा फोमचा तुकडा मी काढून घेतला. घरून निघताना आपल्या कारखान्याच्या शंकर मिस्त्रीनं तो तिथे सरकवला होता. तेव्हा कोणी अडवलं नाही, मीही नाही. पण घाटावर लाकडं रचून झाली आणि माझ्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो आहोत. शेडच्या भिंतीवर तुम्ही स्वतःच्या हातानं रंगवलेला नियम एकच आहे: फोमजवळ आग नाही. बिडी घेऊन आत शिरलेल्या एका ट्रकमालकाला तुम्ही बिडीसकट फाटकाबाहेर काढलं होतं, आणि तेव्हा तो आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होता. मी वाकून तुकडा काढला.

"राहू द्या ना भाऊ," शंकर म्हणाला. "ताईले लाकूड टोचंल."

"आगीत फोम घातला तर उठून बसतील ना गा त्या," मी म्हटलं.

तो रडता रडता हसला. मग मीही हसलो. भोवतीच्या चार लोकांनी आमच्याकडे वळून पाहिलं. दादानं पाहिलं नाही. तो तुमच्याकडेच पाहत होता.

पेपरात तुमचा फोटो आला. जन्म, शिक्षण, मिळालेले सत्कार, सगळं खाली छापून आलं आहे. ती माहिती तुमच्या लेकीनं, पल्लवीनं दिली होती. मी तपासली, बरोबर आहे. ती इथे पुन्हा लिहीत नाही. मला तुमच्याशी आपला वाद पुढे चालवायचा आहे. तुम्ही "उद्या बोलू" म्हणालात आणि तो उद्या काही आला नाही. पण तुमच्यामागे हॉस्पिटलच्या गाद्यांची ऑर्डर उभी होती. त्या गाद्यांच्या लेबलवर कोणता आकडा छापायचा, तुमचा की माझा, हे मला एकट्याला ठरवायचं होतं. काय ठरवलं ते शेवटी सांगतो. आधीचं सांगितल्याशिवाय हे वाचणाऱ्यांना त्यातलं काही कळणार नाही.

सुरुवात नागपूरजवळच्या वाडीतून झाली. अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात दादा बुकिंग पाहायचा. त्या गोदामाच्या कोपऱ्यात तुम्ही शिलाई मशीन टाकलं आणि ट्रकच्या सीटची कव्हरं शिवायला लागलात. खापा गावच्या विणकराची मुलगी, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि ट्रकच्या सीटा शिवते, हे आमच्या आईला सांगताना जरा जड जायचं. "फर्निचरचं काम आहे," असं ती शेजारी सांगायची. कव्हराच्या आत भरायचा फोम तुम्ही बाहेरून आणायच्या. त्याच्या चिठ्ठीवर आकडा असायचा, त्यावर तुमचा विश्वास होता. तो सरदारजी ड्रायव्हर तक्रार घेऊन परत येईपर्यंत.

"भाभी, सीट बैठ गई," तो म्हणाला. "अमरावती तक ठीक थी, अकोला में बैठ गई. उसके बाद से लोहे पे बैठ के चला रहा हूँ."

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही ती सीट उसवली, आतला फोम काढला, मुठीत दाबला आणि सोडला. तो उठायचं नावच घेईना. मी तेव्हा कळमन्याच्या धान्यबाजारात एका अडतीच्या दुकानात हिशेब लिहायचो आणि त्या दिवशी दादाचा डबा द्यायला आलो होतो. तुम्ही मला तिथूनच गाडीवर बसवून इतवारीत नेलं, सराफा ओळीत, बारीक वजनाचा काटा घ्यायला.

"सोनं जास्त येऊन राहिलं वाटते घरात," सराफ म्हणाला.

तुम्ही पिशवीतून फोमचा तुकडा काढून पारड्यात ठेवला. "हे मोजाचं आहे."

"बाई, हे तर पंख्यानं उडून जाईन."

"म्हणूनच तुमच्याकडे आली ना जी. बंद करा पंखा."

वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. एक घनमीटर फोमचं वजन जितके किलो, तितकी त्याची घनता. बाजारात सगळे डेन्सिटी म्हणतात. फोम किती टिकणार, ते बरंचसं त्यावर ठरतं. आणि दहा सेंटीमीटर लांब, रुंद, उंच असा चौकोनी तुकडा कापला, तर तो जितके ग्रॅम भरतो तितकीच त्याची डेन्सिटी. गुणाकार नाही, भागाकार नाही. मला पहिल्या दिवसापासून ही गोष्ट फार आवडली. चिठ्ठीवर बत्तीस होतं. काटा तेवीसवर थांबला.

"भाऊजी, तुम्ही हिशेबाचे माणूस. बत्तीसमधून तेवीस गेले?"

"नऊ."

"ते नऊ काय आहे?"

"हवा," मी म्हटलं.

"हवाच विकाची असंन तर आपण आपली विकू," तुम्ही म्हणालात. "पण मोजून."

तुम्ही ते चिडून बोलला होतात. कंपनी काढायचा विचार तेव्हा कुणाच्या मनात नव्हता, तुमच्याही नसावा. पण आज मागे पाहतो तेव्हा मला वाटतं, आपली कंपनी सराफाच्या त्या गादीवर, बंद पंख्याखाली सुरू झाली.

वाडीच्या पुढे शेड भाड्यानं घेतली. कळमन्याची नोकरी सोडून मी तुमच्याकडे आलो. लोक विचारायचे, धान्यातून फोममध्ये कसे काय? मी म्हणायचो, काट्यावरून काट्यावर आलो. फोम बनवायची आपली पद्धत तेव्हा अगदी साधी होती. मोठी लाकडी पेटी, एक ड्रम आणि घोटायचं यंत्र. ड्रममध्ये रसायनं एकेक करून जायची. शेवटचं पडलं की हातात काही क्षण असायचे. पेटीत ओतायचं आणि मागे सरायचं. मग तो पांढरा लगदा दूध उतू जावं तसा वर यायला लागायचा, पेटीच्या काठापर्यंत, कधी त्याच्याही वर. पूर्ण वर आला की वरच्या सालीवर बारीक बुडबुडे फुटायचे आणि ब्लॉक, म्हणजे फोमचा तो अख्खा ठोकळा, सुस्कारा सोडायचा. हा सुस्कारा खरोखर ऐकू येतो. तो आला म्हणजे आतली हवा मोकळी झाली, ब्लॉक जगला. तुम्ही मास्कच्या आतूनच म्हणायच्या, "सुटला बाबा एकदाचा."

पहिले ब्लॉक सुटले नाहीत. एक मधोमध तडकला. एक ऐटीत वर आला आणि आमच्यासमोर खाली बसत बसत वाळलेल्या वांग्यासारखा झाला. एक बाहेरून देखणा होता. कापला तर आत तपकिरी, करपलेला. तुम्ही प्रत्येकाचं कारण शोधलं आणि प्रत्येक वेळी ते वेगळं निघालं. मे महिना होता. नागपूरचा मे. रसायनं ओतायच्या आधीच तापलेली असायची, म्हणून सगळं घाईघाईनं वर यायचं. तुम्ही घरातला एकुलता एक कूलर उचलून शेडमध्ये नेला आणि ड्रमच्या खोलीला लावला. त्यात वाळा भरला. ड्रमभोवती ओली पोती गुंडाळली. आम्ही सगळे घरी पंख्याखाली भाजत होतो आणि ड्रम वाळ्याच्या वासात आरामात होते.

"लोक बायकोसाठी कूलर घेतात," दादा म्हणाला. "माझ्या बायकोनं ड्रमसाठी नेला."

"ड्रम कुरकुर नाही करत जी," तुम्ही म्हणालात.

त्या उन्हाळ्यापासून आपण उन्हाळ्यात ब्लॉक पहाटे टाकतो. आता शेडमध्ये रसायनं थंड ठेवायची मोठी यंत्रणा आहे, तशी गरज उरलेली नाही. तरी मेमध्ये पहाटेच टाकतो. नवी मुलं काहून म्हणून विचारतात. शंकर सांगतो, "ड्रमची झोप मोडाची नसते दिवसा." मुलं हसतात आणि पहाटे येतात.

दुसरी पद्धतही तुमचीच. नवा ब्लॉक आतून भयंकर तापलेला असतो आणि ते बाहेरून कळत नाही. तो बाकीच्यांपासून दूर, एकटा ठेवायचा. एक पूर्ण दिवस आणि एक रात्र त्याला कोणी करवत लावायची नाही, मग दारात कितीही मोठं गिऱ्हाईक उभं असो. तुम्ही खडूनं पाटीवर लिहायच्या: ब्लॉक निजला आहे. एकदा गांधीबागेतला एक व्यापारी टेम्पो घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, उठवा त्याले, माझ्या दारात लग्नाची गिऱ्हाइकी आहे." तुम्ही त्याला चहा पाजला, टेम्पोवाल्यालाही पाजला आणि दोघांना रिकामं परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी तो परत आला. तो अजून येतो. तेराव्याला आला होता, मागच्या रांगेत बसला होता.

पहिला धड ब्लॉक उठला तेव्हा तुम्ही बोर्ड बदलला. आधी त्यावर होतं, "येथे फोम कापून मिळेल." तुम्ही पेंटरला शेडवर बोलावलं आणि लिहून घेतलं, "येथे फोम बनतो." पेंटरनं विचारलं, मालकाचं नाव टाकू का? तुम्ही म्हणालात, आधी टिकू दे. नंतर ते टाकायचं राहूनच गेलं. बोर्ड तोच आहे, नाव नाही. आता पल्लवी म्हणते, आईचं नाव टाकू. मी म्हटलं, विचार करू. तुम्ही काय म्हणाला असतात ते मला माहीत आहे, आणि या बाबतीत मी तुमचं ऐकणार नाही.

आता वाद.

ब्लॉक कापला की तुम्ही त्याच्या अगदी मधला तुकडा काढायच्या. करवतीनं ब्लॉकचे दोन भाग करायचे, त्या भागांचे पुन्हा भाग, आणि अगदी पोटातून दहा सेंटीमीटरचा तुकडा. तो काट्यावर ठेवायचा. तो जे भरेल ते लेबलवर. माझं म्हणणं असं होतं, आणि आहे, की ब्लॉक सगळीकडे सारखा नसतो. खाली आणि कडेला तो दाट असतो, मधे हलका. गादीत कडेचा भागही असतो आणि मधलाही. मग चार ठिकाणचे तुकडे घ्या, सरासरी काढा, ती छापा. कळमन्याला मी हेच शिकलो होतो. धान्याच्या पोत्यांना परखी, म्हणजे टोकदार नळी लावायची, दहा पोत्यांतून दहा मुठी काढायच्या, मिसळायच्या आणि मग भाव. एकाच पोत्याच्या पोटातली मूठ दाखवून भाव ठरवला असता तर अडत्या आणि शेतकरी दोघांनीही मला हाकललं असतं. सरासरी ही लबाडी नाही, वहिनी. ती मोजणीच आहे. तुमच्या आकड्यापेक्षा ती दीड-दोननं जास्त यायची आणि ती खरी असायची.

तुमचं उत्तर प्रत्येक वेळी एकच.

"माणूस सरासरीवर झोपते का भाऊजी? मधे झोपते."

"कडेवर बसतात ना लोक," मी म्हणायचो.

"बसणाऱ्याले खुर्ची आहे."

हा वाद आपण तर्री-पोहे खाताना केला, बँकेच्या बाकावर बसून केला, माझ्या मुलीच्या लग्नाच्या मांडवात केला. मांडवात माझी बायको मधे पडली: "व्याही पाहून राहिले, जरा हळू." तुम्ही व्याह्यांनाच विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे? ते बिचारे म्हणाले, आमच्याकडे कापसाच्या गाद्या आहेत.

आणि या वादात मी नुसता हट्टाला पेटलो होतो असं नाही. बाजारात आपल्याला त्याचा फटका बसत होता. शेजारच्या मालावर चाळीस छापलेलं असायचं आणि आपल्या त्याच जाडीच्या गादीवर बत्तीस. दुकानदार म्हणायचे, गिऱ्हाईक दोन आकडे पाहते अन् मोठा उचलते, आम्ही काय करू? मी म्हणायचो, निदान खरी सरासरी तरी छापा, चौतीस होईल. तुम्ही छापलं नाही. तुम्ही प्रत्येक दुकानदाराला एक लहान काटा दिला आणि आपल्या मधल्या तुकड्यांची पिशवी दिली. "गिऱ्हाइकासमोर माझा तुकडा तोला. मग शेजारच्या मालवाल्याले म्हणा, तुमचाही कापून तोलू. कोणी कापू देते का ते पाहा."

कोणी कापू दिलं नाही. आणि हळूहळू, काही वर्षांत, काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. नागपूरच्या दुकानांत लोक "बाईचा बत्तीस" मागायला लागले. कंपनीचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं, बोर्डावरच नव्हतं. बाईचा बत्तीस. मग बाईचा छत्तीस, बाईचा चाळीस. सोफे बनवणारे, बसच्या सीटा बनवणारे, शाळांच्या होस्टेलांचे लोक. आता एक गोष्ट सांगतो, जी मी तुम्हाला कधी सांगितली नाही. एकदा इतवारीत काही घ्यायला गेलो होतो. एका दुकानात एक म्हातारे गृहस्थ गादी दाबून पाहत होते. दुकानदार दुसरी एक दाखवत होता, तिच्यावर मोठा आकडा होता. म्हातारे म्हणाले, "ते ठेवा तुमच्याकडे. बाईचा बत्तीस खरा बत्तीस आहे." मी पुढे गेलो नाही. जे घ्यायला आलो होतो ते न घेताच परत आलो.  तुम्हाला सांगितलं असतं, तर त्या दिवशीच वाद हरलो असतो, म्हणून सांगितलं नाही.

पेटीच्या जागी आता लांब मशीन आहे. त्यावर रसायनं आपोआप मिसळतात आणि ब्लॉक पट्ट्यावरून सरकत येतो. पल्लवीनं ते आणलं. ती तुमच्यासारखीच आहे. ओरडत नाही, पण ऐकतही नाही. मशीन आलं त्या दिवशी शंकर तोंड पाडून बसला होता. तुम्ही म्हणालात, "मिस्त्री, मशीन सुस्कारा ओळखते का? मग तुमची नोकरी कुठं जाते?" तो अजून त्या पट्ट्याशेजारी कान देऊन उभा असतो. पल्लवीनं त्याला कधी हटवलं नाही, हेही लिहून ठेवतो.

तुमची किडनी थकली आणि दिवसाआड हॉस्पिटल सुरू झालं. मग तुम्हाला ठेवूनच घेतलं. खिडकीजवळचा पलंग. पहिल्याच दिवशी मी आलो तर तुम्ही कुशीवर होऊन गादीत मूठ रोवत होतात. मला वाटलं दुखतं आहे.

"काय झालं वहिनी?"

"अठ्ठावीसच्या वर नाही जी हे," तुम्ही म्हणालात. "अन् मधे तर खड्डा आहे. पाहा, हात घाला."

मी हात घातला. खड्डा होता. नर्स आली आणि तुम्ही तिला फोमची घनता समजावून सांगितली. मग राउंडला आलेल्या डॉक्टरांना सांगितली. मग कोणीतरी व्यवस्थापनातले गृहस्थ आले. तुम्ही त्यांना म्हणालात, "इथं आजारी माणूस दिवसभर एकाच जागी पडून राहते. त्याचं सगळं वजन मधे. तुम्ही औषध चांगलं देऊन राहिले, डॉक्टर चांगले, मग खाली हे काहून?" ते गृहस्थ भले होते. त्यांनी लिहून घेतलं. काही दिवसांनी सगळ्या वॉर्डांच्या गाद्या बदलायची चौकशी आपल्याकडेच आली. पल्लवी तो कागद घेऊन तुमच्या पलंगाशी आली तेव्हा तुमचा चेहरा मी पाहिला आहे. कंपनीला मोठ्या ऑर्डरी आल्या, सत्कार झाले, पण तेव्हाही तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

कागदावर होतं: डेन्सिटी चाळीस. कोठून मोजायची ते नव्हतं.

आपण चाचणीचा ब्लॉक टाकला. निजवला, कापला. मधला तुकडा अडतीस पूर्णांक सहा. माझी चार ठिकाणची सरासरी चाळीस पूर्णांक एक. मी दोन्ही आकडे तुम्हाला येऊन सांगितले.

"चाळीस भरते," मी म्हटलं. "खोटं नाही."

"मधे नाही भरत."

"त्यांनी मधे म्हटलंच नाही ना वहिनी."

"त्यांनी नाही म्हटलं. मी म्हणून राहिली. मी इथं झोपून म्हणून राहिली."

मी काही बोलणार होतो. नर्स औषध घेऊन आली. तुम्ही हात वर करून मला थांबवलं. "उद्या बोलू भाऊजी. माझ्याकडे अजून एक मुद्दा आहे." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही बोलण्याच्या स्थितीत नव्हतात. तो मुद्दा काय होता हे मला कधीच कळणार नाही. तुम्ही गेल्यापासून मी त्यावर जितका विचार केला आहे तितका बाकी कशावर केला नाही.

तेरावं झालं. पाहुणे गेले. पल्लवी कागद घेऊन माझ्यासमोर बसली. मालाच्या घनतेचं हमीपत्र, सही करणारा मी.

"काका, तुमच्याच पद्धतीनं चाळीस भरते," ती म्हणाली. "आई नव्हती मानत, पण तुम्ही तर मानता. खोटं काहीच नाही. सही करा, माल लवकर द्यायचा आहे."

तिचं बरोबर होतं. इतकी वर्षं जे मी म्हणत होतो तेच ती म्हणत होती, माझ्याच शब्दांत. दादा खिडकीशी बसला होता. तुम्ही गेल्यापासून तो फारसा बोलला नव्हता. त्यानं मान न वळवता विचारलं:

"मधला किती आला?"

"अडतीस सहा," मी म्हटलं.

 मी पेन खाली ठेवलं. वहिनी, मला कोणी पटवलं नाही. सरासरीवरचा माझा विश्वास तसाच आहे. पण सरासरी छापायची होती ती तुमच्या समोर, तुमच्याशी भांडून, तुम्हाला पटवून. तुम्ही नसताना, तुम्हाला उत्तर देता येत नसताना तो आकडा छापणं म्हणजे वाद जिंकणं नव्हे. आणि शिवाय मी त्या गादीच्या खड्ड्यात हात घातला होता.

"पल्लवी, मधे चाळीस आणायचं," मी म्हटलं. "प्रमाण बदला. पुन्हा टाकू."

तिनं हमीपत्र परत फाईलमध्ये ठेवलं. मग म्हणाली, "आई असती तर आज नाचली असती."

"म्हणूनच हे त्यांच्यासमोर कधी म्हटलं नाही."

हॉस्पिटलला थोडी मुदत वाढवून मागितली. त्या भल्या गृहस्थांनी कारण विचारलं. पल्लवीनं सरळ सांगितलं, की मधे कमी भरतं आहे. ते म्हणाले, घ्या वेळ.

पहिल्या खेपेला मधला तुकडा एकोणचाळीस पूर्णांक चार भरला. "चाळीसच धरा ना काका," पल्लवी हळूच म्हणाली. शंकरनं तिच्याकडे असं पाहिलं की ती लगेच म्हणाली, "नाही, नाही, टाकू पुन्हा." दुसऱ्या खेपेला पहाटेच जमलो. उन्हाळा नव्हता, गरज नव्हती, पण सगळे आपणहून पहाटे आले. दादालाही आणलं. त्याला मास्क लावून दाराशी खुर्ची दिली. ब्लॉक वर आला, सावकाश, सरळ. शंकरनं कान दिला. सुस्कारा आला. कोणीतरी काही बोलावं म्हणून सगळे थांबले, कारण त्या जागी नेहमी तुम्ही बोलायच्या. मास्कच्या आतून दादा म्हणाला, "सुटला बाबा एकदाचा."

पाटीवर पल्लवीनं खडूनं लिहिलं: ब्लॉक निजला आहे. तिचं अक्षर तुमच्यासारखंच आहे, हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

मग कापला. मधला तुकडा चाळीस पूर्णांक तीन. लेबलवर चाळीस छापलं. मी सरासरीही काढली, सवय आहे. एक्केचाळीस पूर्णांक आठ. ती कुठेही लिहिली नाही, फक्त तुम्हाला सांगतो. आणि तुमच्या डोक्याखालून काढलेला तो तुकडाही मी त्याच दिवशी तोलला. अडतीस पूर्णांक सहा. शंकरनं चाचणीच्या ब्लॉकचा मधला तुकडाच उशाला ठेवला होता. तुमचं शेवटचं मोजमाप. तो माझ्या टेबलावर आहे, तिथेच राहील. आता लगेच हार घालून ठेवायचा विचार नाही. तुम्हाला आवडला नसता, आणि त्यावर अजून वाद बाकी आहे.

गाद्या पोचवायला मी स्वतः गेलो. जायची गरज नव्हती. तुमच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या त्या पलंगावर आता एक म्हातारी बाई होती. गावाकडची असावी, सोबत सून होती. आमच्या लोकांनी म्हातारीला उचलून गादी बदलली आणि पुन्हा निजवलं. ती कडेला, भिंतीला चिकटून झोपली. जुन्या गादीचा खड्डा चुकवायची सवय लागली असणार. मी वाकून गादीच्या मधे मूठ रोवली आणि सोडली. फोम उठला.

"काय पाहून राहिले जी?" सुनेनं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "मावशी, इकडे या. मधे झोपा. आम्ही मधलंच मोजलं आहे."

ती थोडी सरकली. मग आणखी थोडी. मधे आली, पाठ टेकली आणि डोळे मिटले.